शुक्रवारची विहीर

ईशान, तारा, तुमच्या कपाटातल्या एखाद्या सुती सदऱ्याचं कापड भिवंडीत विणलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. सदऱ्यावर तसं कुठे लिहिलेलं नसतं. मीही इतकी वर्षं नाशिकहून ठाण्याला जाताना ते गाव नुसतं ओलांडत आले. महामार्गावरून दिसतात ती लांबच लांब गोदामं आणि ट्रकच्या रांगा. आत कधी वळले नव्हते. या एप्रिलात वळले आणि काही दिवस राहिले. परत आल्यापासून ते दिवस मला पहाटेच्या स्वप्नासारखे आठवतात, म्हणून विरून जायच्या आत क्रमाने लिहून ठेवते आहे.

जाण्याचं निमित्त जुईताई, माझ्या बहिणीची नात. ती पाण्याच्या नियोजनात एम.टेक. करते. एका प्रदेशात पाणी किती आहे, कुठून येतं, कुणाला किती लागतं आणि टंचाईच्या वर्षी ते कुठून आणायचं, याचा आधीच विचार करून ठेवायचा, हे तिचं शास्त्र. तिच्या सरांच्या आराखड्यात भिवंडी भागातल्या जुन्या विहिरींचं काम तिच्या वाट्याला आलं होतं. कुठल्या विहिरीत भर उन्हाळ्यात पाणी टिकतं, ते शोधायचं; नळ बंद पडले तर त्या विहिरी उपयोगी येतील. अनोळखी गावात पोरीने एकटीने राहू नये असं तिच्या आईचं म्हणणं. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली, गुडघे अजून धड असलेली. मीच म्हटलं, मी जाते बरोबर.

बुधवार, टेमघर

आमची राहण्याची सोय टेमघरला सुमनताईंकडे होती. त्यांची सून उज्ज्वला जुईच्या मैत्रिणीची मावसबहीण. रिक्षातून उतरताना मी पिशवी, छत्री, पाण्याची बाटली अशी एकेक वस्तू शिस्तीत जुईच्या हाती देत गेले, आणि मांडीवर ठेवलेलं तिचं विजेवरचं पातळीमापक यंत्र विसरून उभी राहिले. ते रस्त्यावर आपटलं.

“गेलं आज्जी ते,” रिक्षावाला मागे न बघताच म्हणाला. “आवाज आला ना? गेलं.”

जुईने बॅग उघडली. तीत तिच्या सरांची जुनी फीत होती. फितीच्या टोकाला खालून पोकळ असं छोटं पितळी वजन, उलट्या वाटीसारखं. ते विहिरीत सोडायचं. पाण्याला टेकलं की ‘टुप्प’ असा आवाज येतो आणि त्या क्षणी फितीवरचा आकडा वाचायचा. “आता कानाने मोजायचं,” ती म्हणाली. मला बरं वाटलं. तेवढ्यापुरतंच, कारण घराकडे वळलो आणि तो आवाज सुरू झाला.

यंत्रमागांचा आवाज कसा सांगू? घराघरांत हजार जणी एकदम पोहे कांडताहेत असं वाटतं. पहिल्या तासाला डोकं दुखतं. संध्याकाळपर्यंत तो आवाज कानातून उतरून छातीत जातो आणि तिथेच राहतो. सुमनताईंच्या घरची माणसं त्या आवाजावरून बोलायला इतकी सरावलेली होती की मी ‘हं?’ म्हटलं की त्यांना मीच कानाने अधू वाटे.

सुमनताई माझ्याच वयाच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. अंगणात पाऊल टाकलं तशी म्हणाल्या, “बसा बाई, पंख्याखाली बसा. उज्ज्वला, चहा टाक गं. आणि यांना तांदळाची भाकर चालते का इचार.”

“आई, त्या समोरच बसल्यात, तुम्हीच विचारा की.”

“मी काय इचारू? नाशिकची माणसं ज्वारी-बाजरीची. त्यांना न्हाय म्हनवनार न्हाय.”

मला तांदळाची भाकरी फार आवडली. आपल्याकडे भाकरी म्हणजे कडक पापुद्रा आणि पोटभर काम. ही पांढरी, मऊ, दुमडली तरी न मोडणारी. बरोबर वांग्याचं भरीत. सुक्या जवळ्याची चटणी मी शाकाहारी असल्यामुळे दुरूनच पाहिली. जुईने माझ्या वाटची खाल्ली.

जेवण झाल्यावर सुमनताई आम्हाला विहिरीवर घेऊन गेल्या. वस्तीच्या मधल्या अंगणात सिमेंटचा कठडा, त्यावर स्लॅब, स्लॅबमध्ये लोखंडी झाकण. कुलपाची किल्ली त्यांच्या कमरेला होती. पलीकडच्या भिंतीमागे मागांचे कारखाने आणि सुताला खळ लावणारं एक सायझिंग. त्याची चिमणी आंब्याच्या झाडामागून डोकावत होती.

“ही आमच्या मानसांनी खनली,” सुमनताई म्हणाल्या. “गावच्या विहिरीवर आमाला चढू द्यायचे न्हाईत. माझे सासरे आनि आळीतले बाकीचे, दिवसा मजुरीला जायचे आनि आल्यावर खनायचे. मी लगीन होऊन आले तवा सासूने पह्यला पेला हिच्याच पान्याचा दिला. म्हनाली, हे आपलं हाय, कुनाला इचारायचं न्हाय.”

आता घरोघरी नळ आहेत. विहीर बरीच वर्षं बंद आहे. वस्तीतल्या तरुणांना ती बुजवून त्या जागेवर मुलांसाठी अभ्यासिका बांधायची आहे, आणि त्यांच्यात सर्वांत पुढे आहे उज्ज्वला. ती राहनाळच्या एका गोदामात बिलांचं काम करते. तिची मुलगी दहावीला बसणार आहे, आणि त्या आवाजात ती कानात कापूस घालून वाचते. सासू-सुनेचं भांडण नव्हतं, पण विषय निघाला की दोघी वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघायच्या. रविवारी विहारात बैठक होती. असं ठरलं होतं की जुईच्या मोजणीत विहीर उपयोगी ठरली आणि आराखड्यात तिचं नाव लागलं, तर हात लावायचा नाही. नाही लागलं, तर सोमवारी भरणीचे टेम्पो.

जुईने झाकण उघडून फीत सोडली. आम्ही तिघी कान देऊन वाकलो. वजन गेलं, गेलं, गेलं. माग धडधडत होते. टुप्प झालं की नाही, कोण सांगणार? तिने पुन्हा सोडली, पुन्हा ओढली. शेवटी ती भिंतीला वळसा घालून कारखान्यात गेली, मी मागोमाग. तिथल्या मुकादमाला तिने पाच मिनिटं माग बंद ठेवाल का असं विचारलं.

“पाँच मिनट?” तो हसला. “धागा टूटेगा तो मॅडम जोडेगी क्या? जुम्मे को आओ. जुम्मे को पूरा भिवंडी सोता है.”

शुक्रवारी मागांना सुट्टी असते. आपला रविवार, तसा त्यांचा शुक्रवार. गावच्या घड्याळातला हा एवढा फरक मला आवडला. मग शुक्रवारपर्यंत थांबायचं ठरलं.

गुरुवार, निजामपुरा आणि राहनाळ

मधला दिवस जुईने दुसऱ्या विहिरी पाहण्यात घालवला. निजामपुऱ्याच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही बाजूंच्या मागांचा आवाज डोक्यावर मिळतो आणि माणूस त्याखालून बोगद्यातून जावं तसा जातो. उघड्या दारांतून आत कापड उतरताना दिसतं, पांढरं, कोरं, संथ. इतक्या धांदलीच्या यंत्रातून इतकी हळू वस्तू बाहेर येते याचं मला दिवसभर नवल वाटत राहिलं. एका हॉटेलात जुईने चहा मागितला तर पोऱ्याने ओरडून सांगितलं, “दो पानी कम!” इथे दुधाळ चहाला असंच म्हणतात. जुई हसून म्हणाली, “आज्जी, माझ्या प्रबंधाला हेच नाव देऊ का?”

बाजाराच्या कडेला डोंगरपाड्यावरची एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. मी घेतली. जुईने सवयीने विचारलं, “मावशी, तुमच्या पाड्यावर पाणी आहे का?”

“हाय ना. लय हाय.” बाई द्रोण भरत म्हणाली. “पन ते खाली हाय नि आमी वर. घे, आंबट निंगालं तं मना नको बोलू.”

आंबटच निघाली. आम्ही सगळी खाल्ली.

राहनाळला उज्ज्वला दुपारच्या सुट्टीत भेटली. तिने गोदामामागचं आवार दाखवलं. तिथे एक विहीर होती म्हणे; आता तिच्यावर फरसबंदी आणि वर ट्रक उभे. “इथे माझ्या मामाचं भाताचं शेत होतं,” ती सहज म्हणाली. “विहीर खाली आहे अजून. वरून ट्रक जातात.” मी त्या फरशीवर उभी राहिले. उन्हाने पाय पोळत होते आणि तळव्यांखाली कुठेतरी अंधारात गार पाणी पडून आहे, या विचाराने मला जरा तरंगल्यासारखं झालं. जुईने आपल्या नकाशावर तिथे फुली मारली.

शुक्रवार

उजाडायच्या आधी मला जाग आली ती शांततेने. आवाजाने जाग येते हे माहीत होतं. आवाज नसल्याने येते हे पहिल्यांदा कळलं. कुणीतरी गावावरून जाड गोधडी काढून घ्यावी तसं वाटलं. मग एकेक आवाज उघडा पडू लागला. कबुतरांची घूं घूं, कुणाच्या तरी घरी तांदूळ निवडण्याची सळसळ, लांबवर बादलीत पडणारी धार. माणसं हळू बोलत होती. सुमनताई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, “शुक्रवारी झोप न्हाय लागत बाई. पाळना थांबल्यावानी होतं.”

दुपारपर्यंत सगळी वस्ती विहिरीभोवती जमली. पोरांना दटावून गप्प केलं. कुणीतरी कुकरची शिट्टी काढून ठेवायला घरात पळालं. उज्ज्वलाही मुलीचा हात धरून उभी होती. जुईने फीत सोडली. इतकी माणसं आणि इतकी शांतता मी कुठल्या देवळातही पाहिलेली नाही. आणि खालून, अगदी स्पष्ट, आला तो आवाज. टुप्प.

इतक्या लवकर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. भर उन्हाळ्यात पाणी हाताशी होतं. जुईने दोनदा मोजलं, बाटलीत नमुना भरला. तिचा चेहरा उजळला. “आज्जी, भरपूर आहे! हिचं नाव नक्की लागतंय.”

सुमनताईंनी पदराचं टोक तोंडाला लावलं. मग थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि शेवयांची खीर केली. वस्तीत घरोघरी वाटी गेली. उज्ज्वलाने आपली वाटी खाल्ली आणि म्हणाली, “चला. आईंची विहीर जिंकली.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण लेकीच्या वह्या उचलून आत ठेवताना तिने त्या जरा जोरात आपटल्या.

त्या दिवशी आम्ही सगळे उगाचच अंगणात बसून राहिलो. झाडावरून एक कच्ची कैरी पडली तर तीही सगळ्यांना ऐकू गेली.

शनिवार

सकाळी माग पुन्हा सुरू झाले आणि मला चक्क घरी आल्यासारखं वाटलं. आम्ही सामान आवरत होतो. दुपार कलताना एकाएकी पंखा थांबला. त्याच क्षणी माग थांबले, सगळे, एकदम. लाईट गेली होती.

जुई हातातली घडी टाकून विहिरीकडे धावली. “एकदा मोजलेलं मोजलेलं नसतं, असं सर म्हणतात,” एवढंच मागे वळून म्हणाली. मी सुमनताईंकडून किल्ली घेऊन मागोमाग. तिने वजन सोडलं. फीत जात राहिली. कालची खूण गेली. आणखी गेली. मला वाटलं, वजन तुटलं की काय. मग पार खोलातून, कुणी झोपेत ओठ मिटावेत तसा, आवाज आला.

तिने पुन्हा मोजलं. तेच. एका दिवसात पाणी पुरुषभर खाली गेलं होतं.

“माझंच चुकलं असेल. काल, नाहीतर आज,” ती म्हणाली. तेवढ्यात लाईट आली. माग धडधडले आणि भिंतीपलीकडे एक मोटर घरघरू लागली. आंब्यामागच्या चिमणीतून वाफ उठली. उज्ज्वला पाण्याचा हंडा घेऊन तिथूनच जात होती. ती थांबली. तिने चिमणीकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“सायझिंगची बोअर आहे ती,” ती म्हणाली. “शुक्रवारी तीही बंद असते.”

जुई कठड्यावर बसली. मागांच्या आवाजामुळे आम्ही मोजायला शुक्रवार निवडला होता, आणि आठवड्यात तो एकच दिवस असा होता की या विहिरीचं पाणी कुणी खालून ओढत नव्हतं. आम्ही विहिरीला तिच्या सुट्टीच्या दिवशी भेटलो होतो.

“आज्जी,” ती म्हणाली, “शुक्रवारचा आकडा खोटा नाही ना?”

“खोटा नाही,” मी म्हटलं. “सुट्टीचा आहे.”

“तोच लिहिला तर सुमनआजींची विहीर राहते.”

तुम्हाला खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं की लिही, काय बिघडलं. घरोघरी खीर वाटून झाली होती. पण आराखडा टंचाईसाठी आहे. कुठल्याशा वाईट उन्हाळ्यात कुणीतरी तो कागद पाहून इथे हंडे घेऊन येईल आणि वार मंगळवार असेल. हे मला जुईला सांगावं लागलं नाही. तिने फीत पुसली, गुंडाळली आणि म्हणाली, “आजींना मी आजच सांगते. उद्या सगळ्यांसमोर नको.”

सुमनताई तांदूळ पाखडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सूप थांबलं नाही. “उद्या बोल तसंच,” त्या म्हणाल्या. “काय हाय ते बोल. आमाला खोट्या पान्याची सवय न्हाय.”

रविवार

वंदना झाल्यावर विहाराच्या अंगणात सतरंज्या पसरल्या. आजूबाजूला माग चालू होतेच. सगळे एकमेकांच्या जवळ सरकून बसले. जुईने उभं राहून दोन्ही आकडे सांगितले, दोन्हींची कारणं सांगितली, आणि म्हणाली की अडीअडचणीच्या पाण्यासाठी या विहिरीचं नाव ती देऊ शकत नाही. तिने शब्द एकही गाळला नाही.

“म्हणजे फेल,” मागून एक तरुण म्हणाला. “मग टेम्पोवाल्याला फोन करू ना?”

“कर की. नंबर माझ्याकडे आहे,” दुसरा म्हणाला.

सुमनताई पुढे बघत बसल्या होत्या. हात मांडीवर, किल्ली हातात. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेव्हा उज्ज्वला उठली. मला वाटलं, आता अभ्यासिकेचं बोलेल. तिचा तो हक्कच होता.

“थांब रे, फोन ठेव,” ती म्हणाली. “परवा पाणी वर होतं. काल खाली गेलं. गेलं कुठे? आपण एक थेंब काढला नाही.”

ती सगळ्यांकडे वळली.

“कुणीतरी खालून नेलं. रोज नेतात, आपल्याला आज कळलं. कशामुळे कळलं? या झाकणातून बघितलं म्हणून. राहनाळला माझ्या मामाची विहीर फरशीखाली गेली. तिथे किती पाणी उरलंय, कोण ओढतं, आहे कुणाला पत्ता? ही बुजवली की आपण पण आंधळे. मग बघायचं कुठून?”

“पण वहिनी, अभ्यासिका तुम्हालाच पायजे होती ना?”

“पायजेच आहे. विहाराच्या गच्चीवर बांधा. पत्रे टाका.”

“उकडेल वर.”

“उकडू दे. पोरं शिकतील नाहीतर घामाघूम होतील. काहीतरी होईलच.”

लोक हसले. मग खूप वेळ, सगळे एकदम बोलत, वाद झाला. पत्रे, खर्च, सायझिंगच्या मालकाला कोण भेटणार, तो ऐकेल का. जुईने हात वर केला आणि सांगितलं की आराखड्यात आणखी एक रकाना असतो, निरीक्षणाच्या विहिरींचा. त्या विहिरी पाण्यासाठी नसतात. जमिनीखाली काय चाललंय ते कळावं म्हणून असतात. पण कुणीतरी नेमाने मोजायला हवं. शुक्रवारी आणि लाईट गेली की. दोन्ही.

“लाईट तर जातेच,” मघाचाच तरुण म्हणाला. त्याने फोन खिशात ठेवला होता. “त्याची काय कमी नाय.”

शेवटी हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. विहीर राहिली. फीत जुईने तिथेच ठेवली. सरांना काय सांगायचं ते ती बघणार होती. उज्ज्वला सासूसमोर येऊन उभी राहिली. दोघी पहिल्यांदाच एकमेकींकडे सरळ बघत होत्या.

“आई, प्यायला नाही मिळणार पण,” उज्ज्वला म्हणाली.

सुमनताईंनी कमरेची गाठ सोडून किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

“न्हाय तर न्हाय,” त्या म्हणाल्या. “इतकी वर्सं पाजलंन. आता साक्षीला बसवली म्हनायची. बसू दे. म्हातारपनी दुसरं काय काम असतं?”